खुनी कोण ते कळलं, मेलं कोण?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांची एकच अट होती. म्हणाले, "कृत्रिम बुद्धिमत्ता सोडून कशावरही बोल. त्या विषयावर आधीच तिघांनी नावं दिली आहेत." मी म्हटलं, "मग मी खुनांवर बोलते." पलीकडे जरा शांतता पसरली. म्हणून आधीच खुलासा करते : मी वाचलेल्या खुनांवर बोलणार आहे.

गेली दोन-तीन वर्षं मी जवळजवळ फक्त रहस्यकथा, विज्ञानकथा आणि भयकथा वाचते आहे. कारण अगदी साधं आहे. दिवसभर प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या म्हणजे डोकं शिणतं. रात्री असं काहीतरी हातात हवं असतं, जे पान उलटायला लावेल आणि शेवटी उत्तरही देईल. ऑफिसात उत्तर मिळेलच अशी खात्री नसते. रहस्यकथेत ती असते, आणि तीही साडेतीनशे पानांच्या आत.

ही चटक तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे शाळेच्या कपाटातून उघडपणे मिळायचा. बाबूराव अर्नाळकर मात्र घरातल्या मोठ्यांच्या उशीखालून काढावे लागायचे. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, आणि त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय हे सगळे त्यांचेच. आपल्या हाती ती पुस्तकं आली तोवर ती आधीच दोन पिढ्यांनी वाचून झिजवलेली होती. कव्हर गेलेलं, आणि बरोबर शेवटचीच पानं गळालेली. खुनी कोण, हे कितीतरी वेळा आपणच मधल्या सुट्टीत ठरवलेलं आहे. नारायण धारप दिवेलागणीनंतर वाचायचे नाहीत, असा तर घरोघरी नियम होता. आणि या सगळ्याला मोठी माणसं एकच शब्द वापरायची : टाइमपास.

आज मी या टाइमपासाबद्दलच बोलणार आहे. कारण त्यातल्या एका पुस्तकानं मला चांगलंच अस्वस्थ केलं.

पुस्तकाचं नाव 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. लेखक केइगो हिगाशिनो, जपानी. हे गृहस्थ आधी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अभियंता होते, म्हणजे आपल्याच बिरादरीतले. पुस्तक जपानीत २००५ साली आलं, त्याला तिथला मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी २०२३ सालचा 'जाने जान' हा हिंदी सिनेमा पाहिला असेल. तो याच कादंबरीवर बेतलेला आहे. आता एक इशारा. मी शेवट फोडणार आहे. त्याशिवाय मला जे म्हणायचं आहे ते म्हणताच येणार नाही. ज्यांना पुस्तक वाचायचं आहे त्यांनी दोन मिनिटं चहा घेऊन यावं, आणि स्मरणिकेत वाचणाऱ्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत.

एक बाई आणि तिची शाळकरी मुलगी. बाईचा आधीचा नवरा घरी येऊन छळतो, झटापट होते, आणि त्यात दोघींच्या हातून तो मरतो. हे सगळं सुरुवातीलाच घडतं, वाचकाच्या डोळ्यांदेखत. शेजारी राहणारा इशिगामी हा गणिताचा शिक्षक. विलक्षण बुद्धीचा, एकलकोंडा, मनातल्या मनात त्या बाईवर जीव असलेला. तो म्हणतो, घाबरू नका, पुढचं मी बघतो. मग तो असा काही बेत रचतो की पोलीस चक्रावून जातात. बाई प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देते आणि तरीही सापडत नाही. शेवटी कळतं ते असं : इशिगामीनं दुसऱ्या दिवशी आणखी एक खून केला होता. नदीकाठी ताडपत्रीच्या झोपड्यांत राहणाऱ्या बेघरांपैकी एकाला त्यानं मारलं आणि त्याचंच प्रेत नवऱ्याचं म्हणून पोलिसांसमोर ठेवलं. पोलीस दुसऱ्याच दिवसाचा तपास करत बसले. त्या दिवशी बाई खरोखरच सिनेमाला गेली होती.

वाचताना मी अक्षरशः टाळी वाजवली. काय उत्तर आहे! एकाही ठिकाणी खोटं नाही, आणि तरी सगळं खोटं. असा प्रोग्रॅम कुणी लिहिला तर मी त्याला उभं राहून सलाम करीन. दिवा मालवला आणि दहा मिनिटांनी उठून परत लावला. कारण एकच प्रश्न डोक्यात घुसला होता. तो नदीकाठचा माणूस कोण होता? पुस्तक पुन्हा चाळलं. पहिल्याच प्रकरणात इशिगामी शाळेत जाताना त्या झोपड्यांवरून जातो, तिथे तो माणूस ओझरता दिसतो. नवीनच आलेला आहे. उद्योगधंद्यांचं कुठलंसं मासिक वाचत बसलेला असतो, पुन्हा नोकरी मिळेल ही आशा अजून सुटलेली नाही. इशिगामीनं मनातल्या मनात त्याला एक नाव ठेवलेलं आहे : 'इंजिनियर'. बस, तेवढंच. इशिगामीच्या प्रेमासाठी आपण डोळे पुसतो, आई आणि मुलीसाठी पुसतो. ज्याचा काहीच संबंध नव्हता, त्याच्यासाठी कुणी पुसत नाही. त्याच्या नसण्याची कुणी चौकशी करणार नाही, यावरच तर तो सगळा सुंदर बेत उभा आहे.

(चहावाल्यांनी आत यायला हरकत नाही.)

तेव्हापासून मी कुठलंही रहस्य वाचलं की एक जादा प्रश्न विचारते. खुनी कोण हे तर लेखक सांगतोच. मेलं कोण, हे तो सांगतो का? त्या माणसाचं नाव, त्याचं काम, घरी कुणी वाट पाहतंय का? की प्रेत म्हणजे नुसती गोष्ट सुरू करण्याची किल्ली?

या परीक्षेत कोण पास होईल सांगते. अगाथा ख्रिस्ती. तिला लोक कोडी घालणारी बाई म्हणतात. पण १९३९ सालची तिची 'अँड देन देअर वेअर नन' आठवा. बेटावर जमलेली दहा माणसं, रात्रीचं जेवण झालेलं आहे, आणि अचानक ग्रामोफोनवर एक आवाज सुरू होतो. तो दहाही जणांवर आरोप ठेवतो. प्रत्येकामुळे कुणाचा जीव गेला ते, बहुतेक मृतांची नावं घेऊन, वाचून दाखवतो. म्हणजे त्या पुस्तकातला पहिला खून व्हायच्या आधी, जुन्या मृतांची हजेरी घेतली जाते. त्यांत एक मोलकरीण आहे. ती गरोदर आहे म्हटल्यावर एमिली ब्रेंट नावाची सोवळी बाई तिला घराबाहेर काढते, आणि ती पोर जीव देते. कायद्याच्या लेखी यात गुन्हाच नाही. एमिलीबाईंच्या लेखीही नाही. ख्रिस्तीच्या लेखी मात्र आहे, आणि तिनं त्या मुलीला नाव दिलेलं आहे. लहानपणी मला त्या पुस्तकातलं कोडंच दिसलं होतं. आता ती यादी दिसते.

आता विज्ञानकथेकडे वळते. लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. हेसुद्धा वीजकेंद्रात संगणक अभियंता होते. इंग्रजी अनुवाद २०१४ साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यात एक प्रसंग आहे, जो वाचून मी ट्रेनमध्ये एकटीच हसले. चीनचा सम्राट छिन शी ह्वांग मैदानावर तीन कोटी सैनिक उभे करतो आणि त्यांचा संगणक बनवतो. प्रत्येकाच्या हातात एक काळं आणि एक पांढरं निशाण. तिघा-तिघांचा गट म्हणजे एक लॉजिक गेट. दोघांची निशाणं पाहून तिसऱ्यानं आपलं वर करायचं. माहिती इकडून तिकडे न्यायला घोडेस्वार. हा प्रसंग एका खेळातला, आभासी आहे, पण तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. संगणक कसा चालतो हे मुलांना शिकवायचं असेल तर पटांगणावर करून बघण्यासारखं आहे. पी.टी.च्या सरांनी मनावर घ्यावं.

पण त्या पानावर पुढे काय होतं? संगणक अडकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हँग होतो. चौकशी होते, कुठल्या गेटमध्ये चूक झाली ते सापडतं, आणि सम्राट हुकूम देतो : त्या गेटमधल्या सैनिकांची मुंडकी उडवा आणि दुसरे उभे करा. मी नादुरुस्त भाग बदलते, तसंच. इथे माझं हसू मावळलं. लेखकानं ते मावळावं म्हणूनच लिहिलं असावं. माणसाला एकदा सुटा भाग मानलं, की त्याला बदलणं ही नुसती देखभाल ठरते.

याच्या बरोबर उलट पुस्तक म्हणजे अँडी वीअरचं 'द मार्शियन'. वीअर प्रोग्रॅमर. त्यानं ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करत फुकट दिली होती. मंगळावर वादळ होतं, सहा जणांपैकी एक मेला असं समजून बाकीचे निघून येतात. विज्ञानाच्या सरांसाठी सांगते : ते वादळ चुकीचं आहे. मंगळाची हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याच्या आसपास दाट, तिचा धक्का माणसाला उडवू शकत नाही. वीअरनं हे स्वतःच मान्य केलेलं आहे. गोष्ट सुरू व्हायला त्याला वादळ हवं होतं. मला जास्त आवडतो तो पुढचा भाग. नासाचा प्रमुख त्या जागेचे उपग्रहातून फोटो घ्यायला आधी नकार देतो. कारण फोटोत प्रेत दिसेल, आणि ते जगजाहीर होईल. शेवटी फोटो निघतात, आणि रात्रपाळीवरची एक कनिष्ठ मुलगी ते नीट बघते. तिला प्रेत दिसत नाही. तिथून पुढे त्या एका माणसाला आणण्यासाठी सगळं जग कामाला लागतं. एका नकोशा फोटोकडे कुणीतरी नीट पाहिलं, म्हणून.

माझ्या कामात या नीट पाहण्याला फार महत्त्व आहे. बैठकीत कुणीतरी म्हणतं, "नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के लोकांचं काम होतंय, सोडून द्या." दहा लाख लोक ती यंत्रणा वापरत असतील, तर राहिलेला शून्य पूर्णांक एक टक्का म्हणजे एक हजार माणसं. आपल्या या सभागृहात मावणार नाहीत इतकी. त्यात कोण असतं? ज्याला आडनावच नाही आणि अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा आहे, तो असतो. आयुष्यभर विटा उचलून किंवा भांडी घासून जिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत आणि यंत्र जिला ओळखतच नाही, ती असते.

बोटांच्या ठशांवरून आठवलं. आपल्या आज्या आपली बोटं धरून शंख किती, चक्रं किती ते मोजायच्या. १८९७ साली कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, तेव्हा ठसे लावून ठेवण्याची जी पद्धत बसवली तिचा पाया हाच होता. दहा बोटं, प्रत्येक बोटाला चक्र आहे किंवा नाही. आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. दोनाचा दहावा घात, १०२४ कप्पे. संगणक यायच्या कितीतरी आधी केलेली ही शुद्ध संगणकाची मांडणी! त्यामागचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी अधिकाऱ्यांचं होतं. पद्धत जगभर ओळखली जाते ती मात्र त्यांच्या साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावानं. लाखो अनोळखी माणसांना ओळख देणाऱ्या पद्धतीतून तिच्या कर्त्यांचीच नावं बाहेर राहिली. कुठलीही हुशार यंत्रणा पाहिली की ती कुणाला मोजत नाही ते आधी शोधावं, असं मला वाटतं, ते अशा गोष्टींमुळे.

भयकथा तर हे सरळसरळ सांगते. २०१८ सालचा 'तुंबाड' तुम्ही पाहिला असेल. त्यातली आजी धारपांच्या कथेतून आलेली आहे. आणि त्यातला हस्तर कोण? ज्याचं नाव कुठल्याही पुराणात येणार नाही, ज्याची कुणी पूजा करणार नाही, अशा अटीवर जिवंत ठेवलेला देव. सगळ्यांनी ठरवून विसरलेला. तोच वाड्याच्या तळाशी बसलेला असतो. दिवेलागणीनंतर धारप वाचू नका म्हणणाऱ्यांना बहुधा हेच ठाऊक असावं. ज्याला हिशेबातून गाळलं, तो पुढे कधीतरी दार वाजवतो.

आता मी मूळ मुद्द्याकडे येते. खरं तर याचसाठी मी माईक मागितला.

आजच्या मेळाव्याचं नाव आहे 'दहावी १९९६'. ही यादी कशी बनली? दहावीच्या निकालाच्या कागदावरून. संयोजकांनी तीन महिने खपून एकेकाचा नंबर शोधला, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण पाचवी आठवून बघा. बाक पुरायचे नाहीत, एका बाकावर तिघं-तिघं बसायचो. दहावीत शेवटचे दोन बाक रिकामे होते. मधल्या काळात ती मुलं कुठे गेली?

काही बदली होऊन गेली. पण बरीचशी नववीत गाळली गेली. त्या काळी हे फक्त आपल्याकडेच नव्हतं, गावोगावच्या शाळांतून होतं. दहावीच्या निकालाची टक्केवारी वर्तमानपत्रात यायची, पालक त्यावरून शाळा निवडायचे. मग नववीची चाळणी बारीक व्हायची. कुणी पुन्हा नववीत बसलं. कुणी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली. मुलींपैकी काहींची लग्नं झाली. आणि दहावीच्या निकालाच्या फलकावर जो आकडा लागला, तो सुंदर दिसला. उत्तर चोख, आकडा खरा, कुठेही खोटं नाही. ज्यांना मोजायचंच नाही असं आधी ठरलं होतं, ती मुलं त्यात नव्हती.

सरांना आणि बाईंना बोल लावायला मी उभी नाही. वरून आकडा मागितला जात होता आणि तुम्ही तो देत होतात. एका वर्गाला पुढे नेताना मागे राहणाऱ्यांसाठी सुट्टीच्या दिवशी शाळा उघडणारे शिक्षकही इथेच, या पहिल्या रांगेत बसले आहेत. मला एवढंच म्हणायचं आहे की तीस वर्षांनंतर तीच चाळणी आपण परत का वापरायची? आता आपल्याकडे कोण टक्केवारी मागतंय?

म्हणून एक ठराव मांडते. पुढचा मेळावा 'दहावी १९९६' या नावानं न करता 'पाचवी १९९०-९१' या नावानं करू या. यादी पाचवीच्या हजेरीपटावरून बनवू या. शाळेच्या कपाटात तो असेल. कार्यालयातून मिळवण्याचं काम मी करते. एक-एक नाव वाचू, आणि जो म्हणेल "मला माहीत आहे ती कुठे असते" त्यानं ते नाव आपल्याकडे घ्यायचं. गावात राहिलेल्यांना हे काम आमच्यासारख्या पुण्या-मुंबईत आणि परदेशात गेलेल्यांपेक्षा सोपं जाईल. कारण ती मुलं बहुतेक गावातच आहेत. कुणाचं दुकान आहे, कुणाची रिक्षा आहे, कुणाच्या शेतातली भाजी आपल्यातले काही जण दर आठवड्याला विकत घेत असतील. यायचं की नाही हे ती माणसं ठरवतील. नकार देतील, रागही करतील. तो त्यांचा हक्क आहे. पण बोलावणं तर जाऊ दे.

बाई, तुम्ही एकदा वर्गात म्हणाला होतात की चांगला वाचक तो, जो पुस्तक मिटल्यावर कामाला लागतो. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, गृहपाठाबद्दल बोलताय.

जाता जाता एक. मी यात सांगितलेली पुस्तकं पिशवीत भरून आणली आहेत, थोडे धारप आणि दोन जीर्ण अर्नाळकरही आहेत, शेवटच्या पानांसकट. मागच्या टेबलावर ठेवते आहे. खुशाल न्या, वाचा, पुढे कुणाला द्या. फक्त शेजारी एक वही ठेवली आहे. नेणाऱ्यानं तिच्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहावं, आणि त्याच ओळीत पाचवीत आपल्या बाकावर शेजारी कोण बसायचं, त्याचंही.